तळाची ओळ

सोसायटीच्या निवडणुकीच्या आदल्या रात्री दाराखालून एक पत्रक आत सरकलं. एकाच बाजूला छापलेला कागद, झेरॉक्स इतकी ताजी की हाताला अजून ऊब लागत होती. मथळा होता 'आभारपत्र'. माननीय चेअरमनसाहेबांनी गच्चीवरची टाकी गळती ठेवून खालची बाग विनाखर्च हिरवी राखली. लिफ्ट बंद ठेवून ज्येष्ठ सभासदांच्या गुडघ्यांना व्यायाम दिला. पार्किंगच्या पट्ट्या अशा काही आखल्या की वर्षानुवर्षं अबोला धरलेले शेजारी रोज सकाळी एकमेकांशी बोलू लागले, आवाज चढवून का होईना. खाली सही, 'एक कृतज्ञ सभासद'. मी दारातच उभ्या उभ्या हसले. समोरच्या काकूंचंही दार किलकिलं झालं, त्यांच्या हातात तोच कागद होता आणि पदर तोंडाला लावलेला. हसून झाल्यावर सवयीने माझी नजर कागदाच्या तळाशी गेली. तिथे कोरं होतं.

निवडणूक झाली, चेअरमन तेच राहिले. पत्रकाचा काडीइतकाही उपयोग झाला नाही. पण नंतर एका संध्याकाळी आधार कार्डाची प्रत काढायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, तर काउंटरला तिघं वेढा घालून उभे. मशीनवरचा मुलगा जेमतेम कॉलेजच्या वयाचा. "कोण आलं होतं कॉप्या काढायला, सांग." तो म्हणाला, "काका, दिवसभर लोक येतात. मी कागद वाचत नाही, काचेवर ठेवतो." "तुझ्याच मशीनमधून निघालं ना?" या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरं होतं. पुढे काही दिवसांनी त्या काउंटरला दुसराच मुलगा दिसला. पत्रक कुणी लिहिलं हे आमच्या चारही विंगांना ठाऊक आहे. ते गृहस्थ रोज सकाळी बागेत चकरा मारतात, चेअरमनना हात करतात, आणि त्यांचे विनोद अजूनही चांगले असतात.

अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, तालुक्याच्या गावी छापखाना होता. एक ट्रेडल छपाईयंत्र, शिशाच्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, केसेस, कागद कापायचं यंत्र, आणि रॉकेल-शाईचा असा वास की दिवाळीत उटणं लावलं तरी अप्पांच्या अंगावरून तो जात नसे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, जत्रेची हँडबिलं यांवर वर्ष निघायचं. निवडणूक आली की सुगी. गावात दुसरा छापखाना नसल्यामुळे दोन्ही गटांची पत्रकं आमच्याकडेच यायची. एकाचं प्रूफ दुसऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून अप्पा ते लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली सारून ठेवत. खिळे जुळवताना ते गालातल्या गालात हसत. उलटी अक्षरं त्यांना सुलट्यांपेक्षा भरभर वाचता यायची, आणि एखादा टोमणा नीट बसत नाहीसा वाटला तर उमेदवाराला न विचारता एखादा शब्द बदलूनही टाकत. मात्र रात्री कुणी मफलर गुंडाळून आला आणि "नाव न घालता छापून द्या" म्हणाला, की अप्पांचा एकच प्रश्न असे, "तळाला काय टाकू?" निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता हवाच, असं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे, ते कलम त्यांना तोंडपाठ होतं. पण त्यांचं खरं म्हणणं कायद्याच्याही अलीकडचं होतं. "लिहिणारा सही करत नाही. वाटणारा पळून जातो. मशीन काही खांद्यावर टाकून पळता येत नाही."

त्यामुळे आजही हातात पत्रक आलं की मी आधी तळ बघते.

पुढे इंग्रजी घेऊन बी.ए. केलं आणि अठराव्या शतकातलं ब्रिटन अभ्यासक्रमातून भेटलं. डिफो, स्विफ्ट, पोप अशी नावं एका ओळीत मांडलेली, त्यांचा उपरोध म्हणजे साहित्यप्रकार, त्याची लक्षणं पाच. छापखान्याचं नाव त्या पुस्तकांत नव्हतं. वर्गात बसून मला मात्र सारखं वाटायचं, हे कुठल्या तरी अप्पांनी रात्री जागून जुळवलेलं आहे. इंग्लंडात छापण्याआधी परवाना घ्यायला लावणारा कायदा १६९५ मध्ये मुदत संपून गळून पडला आणि लंडनच्या गल्लीबोळांतून पत्रकं, चोपडी, साप्ताहिकं यांना ऊत आला. व्हिग आणि टोरी हे तिथले दोन राजकीय पक्ष. व्हिगांनी एक काढलं की टोरींचं उत्तर, उत्तराला प्रत्युत्तर. आधी मजकूर दाखवायची गरज उरली नव्हती. छापल्यानंतर मात्र राजद्रोही बदनामीचा खटला उभा राहू शकत होता, आणि त्यात 'लिहिलंय ते खरं आहे' हा बचावच चालत नसे. खरं-खोटं बाजूला राहायचं. हे कुणी छापलं, कुणी विकलं, एवढंच विचारलं जायचं. म्हणजे प्रश्न पुन्हा काउंटरवरच्या मुलालाच.

डिफोची गोष्ट त्याला अपवाद म्हणून सांगतात, कारण त्याने स्वतः भोगलं. १७०२ च्या डिसेंबरात त्याचं एक निनावी चोपडं निघालं. अधिकृत चर्चच्या बाहेर राहिलेल्या प्रोटेस्टंट पंथीयांचा कायमचा बंदोबस्त कसा करावा, यावर कुणा कडव्या टोरी धर्मगुरूने लिहावं तसं. दंड कसले करता, फाशी द्या, हद्दपार करा, एकदाच काय ते उपटून टाका. डिफो स्वतः त्याच बाहेरच्या पंथातला. आवाज त्याने इतका हुबेहूब काढला होता की कडव्यांना ते आपलंच वाटलं आणि पंथबांधवांच्या काळजात धस्स झालं. लेखक कोण ते फुटल्यावर मात्र दोन्हीकडचे त्याच्यावर उलटले. संतापलेल्या टोरींचं मी समजू शकते. पण 'आम्हाला खरं वाटलं' म्हणून रागावलेले त्याचे स्वतःचे लोक मला जास्त ओळखीचे वाटतात. सरकारने ५० पौंडांचं बक्षीस लावून गॅझेटात त्याचं वर्णन छापलं. मध्यम बांधा, सडपातळ, बाकदार नाक, अणकुचीदार हनुवटी, करडे डोळे, तोंडाजवळ मोठा तीळ. डिफोचा इतका जिवंत चेहरा दुसऱ्या कुणी रेखाटलेला नसेल, आणि तो त्याला पकडण्यासाठी रेखाटलेला. चोपडं संसदेच्या हुकमाने जल्लादाकरवी जाळलं गेलं. १७०३ च्या जुलैअखेरीस त्याला लागोपाठ तीन दिवस लंडनच्या भर चौकांत पिलरीत उभं केलं. मान आणि मनगटं लाकडी फळीत अडकवायची आणि पुढचं काम गर्दीवर सोडायचं, अशी ती शिक्षा. गर्दी अशा वेळी कुजकी अंडी, चिखल, प्रसंगी दगड मारायची. डिफोवर मात्र फुलं उधळली गेली अशी आख्यायिका आहे. आख्यायिका सोडली तरी पिलरीलाच उद्देशून रचलेलं त्याचं उपहासगीत त्याच वेळी छापून विकलं जात होतं, हे खरं. माणूस फळीत अडकलेला आणि त्याचा छापखाना चालू.

ही गोष्ट इथे थांबवली तर डिफो फार शोभून दिसतो. पण त्याच वर्षाच्या अखेरीस रॉबर्ट हार्ली या धूर्त राजकारण्याने त्याला तुरुंगातून सोडवलं आणि कामाला लावलं. पुढची अनेक वर्षं डिफो हार्लीसाठी नियतकालिक चालवतो, स्कॉटलंडात जाऊन गुप्तपणे बातम्या पाठवतो. मंत्री बदलले, राजघराणं बदललं, तरी त्याचं काम चालूच. नथॅनिएल मिस्ट नावाच्या टोरी माणसाचं एक जहाल साप्ताहिक होतं. डिफो त्यात लिहू लागला, आणि त्याच वेळी व्हिग सरकारला पत्रं पाठवून कळवू लागला की मी आत बसून याचे दात बोथट करतो आहे. मिस्टला पुढे पिलरी आणि तुरुंग दोन्ही मिळाले. स्विफ्टने एके ठिकाणी डिफोचा उल्लेख 'तो पिलरीत उभा केलेला इसम, नाव विसरलो' असा केला आहे. काही वर्षांनी हे दोघेही एकाच हार्लीसाठी लेखणी झिजवत होते, एक मंत्र्याच्या पंगतीला बसून आणि दुसरा मागच्या दाराने.

अशा विकत घेतलेल्या लेखण्यांची त्या काळी कुणाला लाजही वाटत नसे. पंतप्रधान वॉलपोलने दहा वर्षांत सरकारधार्जिणे लेखक आणि मुद्रक यांच्यावर ५०,००० पौंडांहून अधिक खर्च केल्याचं १७४२ मध्ये संसदीय चौकशीत बाहेर आलं. वॉलपोलच्या भाटांचं लिखाण मी थोडं वाचलंय. अगदी रटाळ आहे. पैसे घेऊन केलेली स्तुती कंटाळवाणी होते, पण पैसे घेऊन केलेली निंदा मात्र चांगली जमू शकते, हे मान्य करायला मला अजून त्रास होतो. स्विफ्टने हार्लीच्या गटासाठी १७११ मध्ये लिहिलेलं युद्धविरोधी चोपडं धडधडीत पक्षाचं काम आहे. दोनेक महिन्यांत ११,००० प्रती खपल्या. आज वाचलं तरी त्यातलं एकही वाक्य सैल नाही.

पण मला डिफोपेक्षा जॉन मॅथ्यूज जास्त छळतो. त्याचं नाव कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. लंडनमध्ये त्याच्या आईचा छापखाना होता आणि हा तिथे काम करायचा. १७१९ मध्ये त्याने एक पत्रक छापलं, गादीचा खरा वारस राजा जॉर्ज नव्हे तर परागंदा स्टुअर्ट राजपुत्र आहे असं सांगणारं. असं छापणं म्हणजे थेट राजद्रोह, असा कायदा दहा-बारा वर्षांपूर्वीच झाला होता. त्याच्याच छापखान्यातल्या कामगारांनी साक्ष दिली. नोव्हेंबरमध्ये त्याला टायबर्नला, लंडनच्या फाशीच्या जागी, फाशी दिलं, तेव्हा त्याने विशीही गाठली नव्हती. आमच्याकडे शाई लावायला एक मुलगा होता, साधारण तेवढाच. हातात आलेला कागद वाचण्यापेक्षा तो सरळ लागला की नाही एवढंच बघायचा. मॅथ्यूज तसा नव्हता बहुधा, त्याला आपण काय छापतोय ते कळत असणार. तरी फाशीच्या दोराखाली उभा होता तो मजकूर जुळवणारा. लिहिणाऱ्याची तिथे गरज पडली नाही.

डब्लिनची गोष्ट याहून गुंतागुंतीची, आणि तिथे माझा जीव दोन्हीकडे ओढतो, कारण स्विफ्ट माझा आवडता. १७२२ मध्ये आयर्लंडात तांब्याची अर्धी पेनी पाडायचा मक्ता वुड नावाच्या इंग्रज लोखंडवाल्याला मिळाला. राजाच्या रखेलीमार्फत मिळाला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. स्विफ्ट तेव्हा डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचा डीन, म्हणजे प्रमुख धर्मगुरू. १७२४ मध्ये त्याने एका साध्या कापडदुकानदाराचा वेश घेऊन पत्रं लिहायला सुरुवात केली. भाषा अशी की गिऱ्हाइकाला कापड मोजून देता देता बोलावं. हे खोटं नाणं घेऊ नका, घेतलंत तर गाडीभर पैसे घेऊन बाजाराला जावं लागेल. चौथ्या पत्रात दुकानदार नाण्यावरून थेट स्वातंत्र्यावर आला आणि सरकारने लेखकाचं नाव सांगणाऱ्याला ३०० पौंड जाहीर केले. डब्लिनच्या शेंबड्या पोरालाही लेखक माहीत होता. कुणी एक जण पुढे आला नाही. गाव एकजुटीने गप्प राहिलं याचं कौतुक सगळे करतात, मीही करत आले. १७२५ मध्ये वुडचा मक्ता रद्द झाला, डीनसाहेब राष्ट्रपुरुष ठरले, त्यांच्या नावाने घंटा वाजल्या. पण त्या पत्रांच्या तळाशी एक नाव छापलेलं होतं, जॉन हार्डिंग. लेखक सापडत नाही म्हटल्यावर तुरुंगात गेला तो. मक्ता रद्द झाला त्याच वर्षी हार्डिंग वारला.

त्याच्या बायकोने, साराने, छापखाना चालू ठेवला.

१७२९ मध्ये स्विफ्टचं सर्वांत भयंकर चोपडं निघालं. गरिबांची मुलं वर्षाची झाली की श्रीमंतांच्या जेवणाच्या टेबलासाठी विकावीत, असं शांतपणे, आकडेमोड करून सुचवणारं. कॉलेजात ते वाचताना वर्गातल्या एका मुलीला मळमळलं होतं आणि सर खूश झाले होते. पुष्कळ वर्षांनी मी त्याच्या मूळ मुखपृष्ठाचं चित्र पाहिलं आणि डोळे आपोआप खाली गेले. स्विफ्टचं नाव कुठेच नाही. तळाला छापलंय, एस. हार्डिंग, फिशॅम्बल रस्त्याजवळ. नवरा ज्या लेखकापायी तुरुंगात गेला त्याचाच पुढचा मजकूर, आणि त्याखाली स्वतःचं नाव आणि दुकानाचा पत्ता. तिने हे निष्ठेने केलं की पोटासाठी, यावर मी उगाचच बरंच डोकं खपवलं आहे. अप्पांना विचारलं असतं तर म्हणाले असते, निवडणुकीत सुगी असते, निष्ठा मशीनच्या हप्त्यावर ठरते.

लंडनमध्येही ही जोखीम बायकांच्या अंगावर बरीच होती. टेंपल बारपाशी अ‍ॅन डॉड, एक्स्चेंजपाशी एलिझाबेथ नट, यांची पत्रकांची दुकानं होती. सरकारचे दूत आले की आधी यांना उचलत, कारण यांचा पत्ता पक्का. पोपने १७२८ मध्ये आपल्या सगळ्या साहित्यिक शत्रूंना एका काव्यात झोडपलं, तेव्हा स्वतःचं नाव घातलं नाही, तळाला 'ए. डॉड' घातलं. त्याच शतकाच्या अखेरचा व्यंगचित्रकार गिलरे, त्याच्या गाजलेल्या चित्रांच्या खालीही हॅना हंफ्री या बाईचं नाव आणि दुकानाचा पत्ता दिसतो. तो तिच्या दुकानाच्या वरच राहायचा आणि चित्रं तिच्या काचेच्या खिडकीत लागायची. विकत घ्यायला शिलिंग-दोन शिलिंग लागत, बघायला काहीच नाही, म्हणून फुटपाथ तुडुंब. त्यातलं १७९१ सालचं एक चित्र आपल्याला जवळचं आहे. श्रीरंगपट्टणहून माघार घेणारा कॉर्नवॉलिस गाढवावर बसून पळतोय आणि टिपू तटावरून त्याच्यावर मुततोय. त्या माघारीत उपाशी इंग्रज फौजेला धान्य मिळालं ते हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या लष्कराच्या बाजारातून, चढ्या भावाने. लंडनची गर्दी ज्या फजितीवर हसली, त्या फजितीत आपल्या वाण्यांनी चार पैसे केले.

पुण्याचा दुसरा धागा याहून चमत्कारिक आहे. १७६९ ते १७७२ या काळात लंडनच्या एका दैनिकात 'ज्युनियस' या टोपणनावाने पत्रं येत होती. मंत्र्यांची सालं काढता काढता त्याने थेट राजालाच पत्र लिहिलं. खटला भरला गेला तो संपादक-मुद्रक वुडफॉलवर. ज्यूरीने 'फक्त छापणे आणि प्रसिद्ध करणे याबद्दल दोषी' असा चतुर निकाल दिला आणि तो बिचारा वाचला. पत्रांचं पुस्तक निघालं, त्यात ज्युनियसने लिहिलं की माझं गुपित फक्त मलाच ठाऊक आहे आणि ते माझ्याबरोबरच संपेल. मोबदला म्हणून त्याने मागितली काय, तर स्वतःसाठी उंची चामड्याच्या बांधणीची, सोनेरी मुलाम्याची एक प्रत! पुष्कळ अभ्यासकांचा संशय ज्याच्यावर आहे तो फिलिप फ्रान्सिस १७७४ मध्ये कलकत्त्याच्या कौन्सिलात येऊन बसला आणि गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जशी भांडू लागला. मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांशी सुरतेला केलेला तह ज्या बहुमताने मोडीत काढला आणि १७७६ मध्ये पुरंदरचा तह घडवला, त्या बहुमतात फ्रान्सिस होता. संशय खरा असेल, तर बारभाईंच्या कारस्थानाला एक हात लंडनच्या निनावी पत्रलेखकाचाही लागला म्हणायचं. पुढे हेस्टिंग्जने द्वंद्वयुद्धात त्याला गोळी घातली, ते असो.

आणि आता हकल. या सगळ्या शतकातला माझा खरा लाडका माणूस, ज्याने एक ओळही लिहिली नाही.

२३ एप्रिल १७६३ रोजी 'नॉर्थ ब्रिटन' या साप्ताहिकाचा ४५ वा अंक निघाला. जॉन विल्क्स हा तिरळा, बेरकी, बडबड्या खासदार तो चालवायचा. पंतप्रधान लॉर्ड ब्यूटने पदरचे लेखक ठेवून 'द ब्रिटन' काढलं होतं, त्याची टर उडवायला हे नाव. त्या अंकात राजाच्या भाषणाची चिरफाड होती. सरकार खवळलं. पण अंकावर लेखकाचं नाव नाही, तेव्हा मंत्र्याने वॉरंट काढलं तेही तसंच, नावाशिवाय. 'लेखक, मुद्रक आणि प्रकाशक' यांना पकडा, कोण ते तुम्हीच शोधा. दूत बाहेर पडले आणि त्यांनी एकोणपन्नास माणसं धरली. ड्रायडन लीच नावाच्या मुद्रकाला रात्री अंथरुणातून ओढून काढलं आणि त्याचे कामगारही उचलले. त्यांतला एक हकल. लीचने तो अंक छापलाच नव्हता. विल्क्स त्याच्याकडे येता-जाता दिसला होता, एवढंच.

हकलला सहा तास अडकवून ठेवलं. वागवलं चांगलं, बीफस्टेक खाऊ घातला, बिअर पाजली. आठवड्याला एक गिनी, म्हणजे पौंडाहून जरा जास्त, कमावणारा तो माणूस. सुटल्यावर त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी उलट दूतांवरच दावे लावले. सरकारी वकिलाचं म्हणणं, नुकसान ते काय झालं, वर जेवण मिळालं. ज्यूरीने त्याला ३०० पौंड भरपाई दिली, म्हणजे साडेपाच वर्षांचा पगार, सहा तासांसाठी. ही रक्कम भलतीच झाली, पुन्हा खटला चालवा, असा सरकारचा अर्ज आला. मुख्य न्यायाधीश चार्ल्स प्रॅट म्हणाले की नाव नसलेलं वॉरंट घेऊन पुरावा शोधायला माणसाच्या घरात घुसणं हे स्पॅनिश धर्मन्यायालयापेक्षा वाईट आहे. नुसत्या त्याला झालेल्या त्रासाचा हिशोब करायचा तर वीस पौंडही पुष्कळ झाले असते, पण ज्यूरीने बघितलं ते वेगळंच. अर्ज फेटाळला गेला.